हेडफोन बिघडलेला नसतो: माऊस, डाँगल आणि ब्लूटूथची भांडणं कशी सोडवायची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता मी जिथे फारच भरकटलो तिथे कात्री लावली आहे आणि सेटिंग्जची नावं जरा नीट लिहिली आहेत. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय साधा वाटतो, पण डोकं खातो. वायरलेस माऊस लावला की हेडफोनचा आवाज तुटतो. कॉल सुरू झाला की गाणं एकदम जुन्या ट्रान्झिस्टरवर लागल्यासारखं येतं. मध्येच आवाज गायब होतो आणि दोन सेकंदांनी परत येतो. मग आपण काय करतो? ब्लूटूथ बंद-चालू करतो, लॅपटॉप रीस्टार्ट करतो, आणि शेवटी नवीन हेडफोन शोधायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे खर्च करायच्या आधी पंधरा मिनिटं थांबा. बऱ्याचदा हेडफोनही ठीक असतो आणि माऊसही ठीक असतो. दोघांचं एकमेकांशी जमत नसतं, इतकंच.

माझ्यासोबत काय झालं

हा विषय मी का निवडला ते आधी सांगतो. मी घरून काम करायला लागलो तेव्हा टेबलावर सगळं वायरलेस करून टाकलं. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला एक यूएसबी हब. त्यात बाहेरची एसएसडी, मॉनिटरची केबल आणि माऊसचा छोटा डाँगल. कानावर ब्लूटूथ हेडफोन. टेबल एकदम फोटो काढण्यासारखं दिसायचं.

आणि कॉलवर समोरचे लोक मला परत परत विचारायचे, "सॉरी, काय म्हणालात?" मी 'फिफ्टीन' म्हणालो तर ते 'फिफ्टी' ऐकायचे. मला मात्र त्यांचं सगळं बऱ्यापैकी नीट ऐकू यायचं. त्यामुळे यंत्रात काही गडबड असेल असं मनातही आलं नाही. माझी शाळा साताऱ्याजवळच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला वाटलं, आपलं इंग्रजीच कच्चं आहे. मी हळू बोलायला लागलो, मग कमी बोलायला लागलो. प्रश्न असला तरी कॉलवर न विचारता नंतर चॅटवर टाकायचो. सहामाही रिव्ह्यूमध्ये मॅनेजरने लिहिलं: संवाद सुधारायला हवा. त्या दिवशी मी स्पोकन इंग्लिशच्या क्लासची चौकशीसुद्धा केली होती.

मग एका सहकाऱ्याने एका मीटिंगचं रेकॉर्डिंग पाठवलं, कामासाठीच. त्यात मी पहिल्यांदा माझा आवाज पलीकडून ऐकला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, आणि दर थोड्या वेळाने अर्धा शब्द गायब. उच्चाराचा प्रश्न नव्हताच. आवाज पोचतच नव्हता!

त्यानंतर मी जे शोधलं, वाचलं आणि करून पाहिलं, ते आजच्या भागात.

आधी लक्षण ओळखा

डॉक्टरकडे गेलो की ते आधी विचारतात, नेमकं काय होतंय? इथेही तसंच. 'ब्लूटूथ नीट चालत नाही' हे लक्षण नाही. लक्षणं साधारण तीन प्रकारची असतात.

एक, आवाज तुटतो, टक-टक होतं, आणि त्याच वेळी माऊसही अडखळतो. हे हवेतल्या गर्दीचं भांडण.

दोन, आवाज तुटत नाही, पण एकदम चपटा, टेलिफोनसारखा होतो. हे मोडचं भांडण.

तीन, आवाज पूर्ण थांबतो, किंवा लॅपटॉपवरून उडी मारून फोनवर जातो, आणि मग परत येतो. हे दोन मालकांचं भांडण.

तिघांची औषधं वेगवेगळी आहेत. चुकीच्या दुखण्यावर बरोबर औषध दिलं तरी उपयोग होत नाही, म्हणून एकेक बघू.

भांडण पहिलं: हवेतली गर्दी

ब्लूटूथ, वायरलेस माऊस-कीबोर्डचे डाँगल आणि जुना वायफाय, हे सगळे २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात काम करतात. हा पट्टा साधारण २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झपर्यंतचा. तो वापरायला ग्राहकाला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून सगळ्यांनी तिथेच दुकान थाटलंय. तुमचा मायक्रोवेव्हसुद्धा याच आसपास चालतो. दुपारी एक वाजता घरात कोणी भाजी गरम करायला ठेवली आणि तुमचा कॉल बरोबर तेव्हाच तुटला, तर तो योगायोग नसू शकतो.

आता ब्लूटूथ तसं हुशार आहे. हेडफोन वापरतात ते नेहमीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ भाग करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतं. एखाद्या भागात गर्दी दिसली की तो टाळतं. ही गर्दी टाळण्याची युक्ती २००३ च्या १.२ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे नुसता एक माऊस आणि एक हेडफोन असेल तर सहसा काही होत नाही. पण वायफायचा एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा घेतो, म्हणजे ७९ पैकी वीसेक भाग गेले. शेजारच्या दोन फ्लॅटचे राउटर दुसऱ्या चॅनेलवर असतील तर आणखी चाळीस गेले. उडी मारणार कुठे?

आणि यात एक असा भिडू आहे ज्याच्यावर कोणाला संशय येत नाही, कारण तो वायरलेस नाहीच. तो म्हणजे यूएसबी ३. यूएसबी ३.० वर डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावतो, आणि त्यातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. ही काही कट्ट्यावरची चर्चा नाही. इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलंय. पोर्ट, केबल, जोडलेलं उपकरण, सगळ्यांतून हा गोंगाट निघू शकतो.

गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा सराव सुरू असतो ना, तसं समजा. तुम्ही पथकाच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलत असाल तर पलीकडचा माणूस कितीही ओरडला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. पण चार गल्ल्या पुढे गेलात की तोच ढोल त्रास देत नाही. गोंगाटाचा त्रास अंतरावर ठरतो. आणि त्रास ऐकणाऱ्याला होतो.

हे 'ऐकणाऱ्याला' फार महत्त्वाचं आहे. माझ्या टेबलावर एसएसडीचा गोंगाट लॅपटॉपच्या जवळ होता, हेडफोनपासून त्यामानाने लांब. म्हणून लॅपटॉपकडून हेडफोनकडे येणारा आवाज मला ठीक मिळायचा. पण माझ्या माइकचा आवाज जेव्हा लॅपटॉपकडे जायचा, तेव्हा तो ऐकणारा रेडिओ ढोलाच्या शेजारी उभा होता. मला सगळं ठीक, समोरच्याला अर्धवट! म्हणून 'मला तर नीट ऐकू येतंय' हा पुरावा धरू नका.

उपाय काय? बहुतेक उपाय फुकट किंवा दीड-दोनशे रुपयांत होणारे आहेत.

डाँगल यूएसबी ३ च्या पोर्टमधून काढा. हे पोर्ट बऱ्याचदा आतून निळे असतात किंवा बाजूला 'एसएस' असं लिहिलेलं असतं. यूएसबी २ चा पोर्ट असेल तर तिथे लावा. नसेल तर एक साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डाँगल टेबलावर माऊसच्या जवळ आणून ठेवा. एसएसडी, मॉनिटर आणि डाँगल एकाच हबमध्ये कोंबणं ही सगळ्यात वाईट मांडणी. मी नेमकी तीच केली होती.

एसएसडी आणि हब लॅपटॉपला चिकटून ठेवू नका. जरा लांब केबल वापरून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवा. जाड, चांगलं आवरण असलेली केबल असेल तर उत्तम.

लॅपटॉपचा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, कधी अँटेनाही वाटून घेतात. दोघं एकाच पट्ट्यात असले की आळीपाळीने बोलावं लागतं. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वेगळी नावं द्या, म्हणजे आपण कुठे जोडलोय ते कळेल. एक लक्षात ठेवा, ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून कमी पोचतं. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही आतल्या खोलीत असाल तर आधी सिग्नल तपासा.

आणि डेस्कटॉपवाल्यांनो, मदरबोर्डच्या डब्यात दोन अँटेना आल्या होत्या, त्या मागे लावल्यात का? अनेक मदरबोर्डवर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हीची अँटेना तीच असते. ती डब्यात पडून आणि हेडफोनला शिव्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भांडण दुसरं: एकेरी आणि दुहेरी रस्ता

आता समजा हवा स्वच्छ आहे. छान स्टिरिओमध्ये गाणं चाललंय. कॉल आला, उचलला, आणि आवाजाचा कोळसा झाला. इथे काहीही बिघडलेलं नाही. हे तसंच बनवलेलं आहे.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजासाठी दोन वेगळे नियम आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात. पहिला एटूडीपी. ही एकेरी वाहतूक: लॅपटॉपकडून हेडफोनकडे. अख्खा रस्ता तुमचाच, म्हणून आवाज स्टिरिओ आणि भरलेला. पण या रस्त्याने माइकचा आवाज परत येऊ शकत नाही. दुसरा एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री. ही दुहेरी वाहतूक. मूळ काम गाडीत फोनवर बोलण्याचं. यात आवाज मोनो होतो आणि त्याची गुणवत्ताही पडते. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, नंतर आलेल्या सुधारित पद्धतीत १६,०००. तुलनेसाठी सांगतो, ऑडिओ सीडीवर ४४,१०० असतात.

८,००० नमुने म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला गेला. आणि 'स', 'फ', 'थ' यांसारख्या वाऱ्याच्या व्यंजनांमधला बराचसा आवाज त्याच्या वरच असतो. फोनवर नाव सांगताना आपण 'एस फॉर सातारा, एफ फॉर फलटण' का करतो? याच कारणाने. त्यात मधून मधून शब्दाचा एखादा तुकडाच गळत असेल, तर 'फिफ्टीन'च्या शेवटचा 'न' शोधत बसा. हे कळल्यावर मी माझ्या 'कच्च्या इंग्रजी'बद्दल जरा शांतपणे विचार केला.

या भांडणाची गंमत अशी की माइक तुम्हीच चालू केला असेल असं नाही. एखादं गेम चॅट, ब्राउझरमधला मीटिंगचा उघडा राहिलेला टॅब, व्हॉइस असिस्टंट, कोणीही हेडफोनचा माइक मागितला की अख्खा हेडफोन दुहेरी रस्त्यावर जातो. विंडोज ११ मध्ये माइक वापरात असताना खाली टास्कबारवर माइकचं चिन्ह दिसतं. मॅकवर वर नारिंगी ठिपका दिसतो. आवाज चपटा झाला की आधी तिकडे बघा.

उपाय: ऐकायला हेडफोन, बोलायला दुसरा माइक. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड इथे जाऊन इनपुटमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. मॅकवरही साउंडच्या इनपुटमध्ये तेच करा. मग मीटिंगच्या ॲपमध्ये जाऊन पुन्हा तेच निवडा, कारण बरीच ॲप्स स्वतःची निवड वेगळी धरून ठेवतात. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. तिथे ऐकण्यासाठी स्टिरिओवालं निवडायचं. विंडोज ११ मध्ये दोन्ही एकत्र केलीत, त्यामुळे तिथे माइक बदलणं हाच सरळ मार्ग.

लॅपटॉपच्या माइकवर कीबोर्डची खटखट आणि पंख्याचा आवाज येतो, हे खरं. नोकरीची मुलाखत असेल, वर्ग घ्यायचा असेल, तर माझं ऐका: वायरवाला साधा इअरफोन काढा. दिसायला जुनाट, पण त्याचं कोणाशी भांडण नसतं.

भांडण तिसरं: दोन दगडांवर पाय

मल्टिपॉइंट म्हणजे एकच हेडफोन एका वेळी लॅपटॉपला आणि फोनला जोडलेला. सोय मस्त आहे. पण लॅपटॉपवर कॉल चालू असताना फोनवर एखादी रील वाजली, गेमचा आवाज आला किंवा नोटिफिकेशन टुणकन वाजलं, की काही हेडफोन तिकडे धावतात. तुम्हाला वाटतं कनेक्शन तुटलं. खरं तर हेडफोन दुसऱ्या मालकाकडे गेलेला असतो. तपासणी अगदी सोपी: फोनचं ब्लूटूथ दहा मिनिटं बंद ठेवा. त्रास थांबला तर गुन्हेगार सापडला. मग हेडफोनच्या ॲपमधून मल्टिपॉइंट बंद करा किंवा कामाच्या वेळेत फोन जोडू नका.

मल्टिपॉइंटची दुसरी किंमतही आहे. काही मॉडेल्समध्ये ते चालू केलं की एलडॅकसारखे उंची कोडेक बंद होतात. आणि मुळात एलडॅक घेतला तरी त्याचे ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट असे तीन वेग आहेत. गर्दीच्या हवेत ९९० चा हट्ट धरला तर आवाज तुटणारच. ॲपमध्ये 'कनेक्शनला प्राधान्य' असा पर्याय असेल तर तो निवडा. तुटक उंची आवाजापेक्षा सलग साधा आवाज बरा.

नॉइज कॅन्सलेशनवर उगाच आळ

बरेच जण म्हणतात, "एएनसी चालू केलं की आवाज तुटतो." एएनसीचं काम हेडफोनच्या आतच चालतं. बाहेरचा माइक आवाज ऐकतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते. यात लॅपटॉपचा आणि रेडिओचा संबंध नाही. बऱ्याच हेडफोनमध्ये कशालाही न जोडता एएनसी चालतं, करून बघा.

मग त्रास कशाचा? एक म्हणजे वारा. टेबल फॅन किंवा कूलर थेट कानावर येत असेल तर बाहेरच्या माइकवर वारा आदळतो आणि फरफर ऐकू येते. दुसरं म्हणजे हुशारीची फीचर्स. काही हेडफोन तुम्ही बोलायला लागलात की गाणं थांबवतात. खोकलात किंवा गुणगुणलात तरी थांबवतात. काही हेडफोन कानावरून जरा सरकले की थांबतात. ही फीचर्स एकेक करून बंद करा आणि बघा.

पंधरा मिनिटांची तपासणी

आता हे सगळं एका ओळीत लावू. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही कोडमधला बग शोधतो तेव्हाही हेच करतो. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तेच परत होतं.

१. नेहमीची मांडणी तशीच ठेवून मीटिंगच्या ॲपमध्ये स्वतःचा आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि वायरवाल्या इअरफोनवर ऐका. पलीकडच्याला काय ऐकू येतं ते आधी कळू दे.

२. एसएसडी आणि हब काढा. (एसएसडी आधी नीट 'इजेक्ट' करा, नाहीतर नवीनच कॉल लागेल.) परत रेकॉर्ड करा. फरक पडला तर हवेचं भांडण.

३. फरक नाही? वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा दोन मिनिटं बंद करून नुसतं रेकॉर्डिंग करा.

४. डाँगल काढून माऊसशिवाय, टचपॅडवर काम करा. माऊस ब्लूटूथचा असेल तर तो डिस्कनेक्ट करा.

५. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा. आवाज एकदम खुलला तर मोडचं भांडण.

६. फोनचं ब्लूटूथ बंद करा.

७. एवढं करूनही तसंच? हेडफोन फक्त फोनला जोडून दुसऱ्या खोलीत वापरा. तिथेही तुटला, तरच हेडफोनवर संशय घ्या.

"माऊस डाँगलचा घ्यावा की ब्लूटूथचा?" असं नेहमी विचारतात. ब्लूटूथ माऊस लॅपटॉपच्या त्याच रेडिओवर बसतो ज्यावर हेडफोन बसलाय. डाँगलचा रेडिओ वेगळा असतो, पण तो यूएसबी ३ च्या शेजारी सापडला तर त्याचे हाल. त्यामुळे लॅपटॉपचं ब्लूटूथ आधीच दमलेलं असेल तर डाँगल, एक्स्टेन्शन केबलवर. पोर्ट कमी आणि हब भरलेला असेल तर ब्लूटूथ माऊस.

नवीन घ्यायचाच असेल तर

ब्लूटूथ एलई ऑडिओ नावाची नवीन पद्धत आली आहे. तिचा पाया २०२० च्या ५.२ आवृत्तीत घातला गेला, आणि तिच्या एलसी३ कोडेकमुळे माइक चालू असतानाही चांगला आवाज शक्य होतो. म्हणजे दुसरं भांडण मुळातून मिटू शकतं. पण हेडफोन, लॅपटॉपचं ब्लूटूथ कार्ड, ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्यांकडे ते हवं. खोक्यावर ५.२ किंवा ५.३ लिहिलंय म्हणजे एलई ऑडिओ आहेच असं नाही, ते ऐच्छिक आहे. दुकानात 'एलई ऑडिओ आहे का' असं स्पष्ट विचारा.

माझ्याकडे अजून तोच जुना हेडफोन आहे. एसएसडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, डाँगल केबलवर आला, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर गेला आणि माइक लॅपटॉपचा निवडला. पुढच्या सोमवारच्या कॉलवर कोणीही "सॉरी, काय म्हणालात?" विचारलं नाही. मी मुद्दाम मोजत होतो. शेवटी मीच एक प्रश्न विचारला, चॅटवर नाही, तोंडाने, आणि पहिल्याच वेळी उत्तर मिळालं.

माझं इंग्रजी काही महान नाही, ते सुधारायचंय. पण जे माझं नव्हतं ते मी सहा महिने स्वतःच्या माथी मारून घेतलं होतं. तुमच्या टीममध्ये कोणी कॉलवर गप्प गप्प होत चाललं असेल, तर त्यांना एकदा सांगा की तुझा आवाज तुटतोय. बऱ्याचदा त्यांना ते माहीतच नसतं, आणि आपण सगळे संकोचाने सांगत नाही.

तुमच्या टेबलावर यातलं कोणतं भांडण निघालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!